न पाहता बरं करणाऱ्या डॉक्टरसाहेबांस

श्री. रा. रा. मूळव्याध-भगंदर-फिशर स्पेशालिस्ट यांस,
एसटी स्टँडसमोर, रसवंतीगृहाच्या माडीवर.



तुमचं नाव इथं लिहीत नाही. पाटीवर ते पुरेसं मोठं आहे, आणि नावापुढच्या अक्षरांपैकी एकही महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या ओळखीचं नसल्याने इथं ते लिहून तरी काय उपयोग? पण तुमची जाहिरातीची जाण मात्र मानली. स्टँडच्या मुतारीच्या भिंती तुम्ही व्यापल्यात. माणूस आपल्या दुखण्याबरोबर जिथं एकटाच असतो, नेमका तिथं तुमचा नंबर त्याच्या डोळ्यांसमोर येतो. 'ऑपरेशन नाही. तपासणी नाही. तीन दिवसांत गुण. गॅरंटी.'

यातलं 'तपासणी नाही' हे खरं कसब. 'ऑपरेशन नाही' तर सगळेच म्हणतात. गुण येईल असं कोपऱ्यावरचा लिंबूसरबतवालाही सांगतो. पण 'मी बघणारच नाही' हे वचन देणारा वैद्य विरळा. आपल्याकडच्या माणसाला त्या जागेच्या दुखण्यापेक्षा ती जागा दाखवण्याची जास्त धास्ती असते, हे तुम्ही ओळखलंत आणि त्यावर दुमजली घर बांधलंत. अभिनंदन.

आमचा मेहुणा एसटीत कंडक्टर आहे. तो तुमच्याकडे कसा पोचला ते तुम्हाला आठवण्याचं कारण नाही, तुमच्या बाकावर रोज तसे कितीतरी बसतात. त्याची तक्रार साधी होती. दिवसातून पुन्हा पुन्हा कळ येते, येते ती इतक्या जोरात की धावावं लागतं. गेल्यावर पडतं काय, तर थोडी आव आणि रक्त. उठल्यावर पुन्हा वाटतं की साफ झालंच नाही. कंडक्टरच्या नोकरीत याचा अर्थ काय होतो ते तुम्ही कधी मनात आणून पाहिलंय का? गाडी खच्चून भरलेली, हातात तिकिटाचं मशीन, सुट्ट्यावरून वाद चाललेला, पुढचा थांबा लांब, आणि मधेच पोटात मुरडा. घंटी एकदा मारून गाडी थांबवायची, शेतात उतरायचं, पन्नास माणसं खिडकीतून पाहतायत. मग वर येऊन डबल बेल. पुढे पुढे तो ड्यूटीआधी जेवणंच सोडू लागला. मुक्कामी गाडी मिळू नये म्हणून कंट्रोलरच्या विनवण्या करू लागला.

तुम्ही त्याची जीभ पाहिलीत. आजार खालचा, तपासणी वरची. मग नाडी पाहिलीत, 'उष्णता फार आहे, कोंब आतल्या बाजूला आहेत' असं सांगितलंत. टेबलापलीकडून, शर्टपॅन्टच्या आत, आतड्याच्याही आत असलेले कोंब तुम्हाला दिसले! आमच्या जिल्हा रुग्णालयात यासाठी बोट घालतात, प्रॉक्टोस्कोप नावाची नळी घालतात, दिवा लावतात. बिचाऱ्यांना अजून तुमची दृष्टी लाभलेली नाही.

फी घेतल्यावर तुम्ही दिलंत ते असं: पिवळट पावडरच्या पुड्या, पथ्याचा छापील कागद (वांगं, बटाटा, अंडं, तिखट बंद, ताक चालू), आणि 'खालून ठेवायच्या' गोळ्यांची एक पट्टी. ती पट्टी मी पाहिली आहे. चंदेरी, एका रांगेत गोळ्या, आणि वरची कड जिथं औषधाचं नाव, मात्रा आणि शेवटची तारीख छापलेली असते तिथं कात्रीचा सरळ काप. इतका सरळ काप सरावाशिवाय येत नाही. एकच चूक झाली तुमची. मधल्या दोन गोळ्यांच्या खाचेत बारीक अक्षरांतली एक ओळ राहून गेली. त्यात 'हायड्रोकॉर्टिझोन' एवढं वाचता आलं.

म्हणजे सपोझिटरी. म्हणजे स्टिरॉइड. म्हणजे तुमच्या पाटीवरच्या 'शंभर टक्के आयुर्वेदिक'ची शंभर टक्के वाट.

आता गंमत ऐका. मेहुण्याला तिसऱ्या दिवशी खरंच बरं वाटलं. रक्त कमी झालं, घाई ओसरली. त्याने तुम्हाला पेढे नेऊन दिले. त्या पेढ्यांवर खरा हक्क कुणाचा होता ते सांगतो, म्हणजे कधी तरी त्यांच्या वाटचा अर्धा तरी बाजूला ठेवाल. १९४८ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने अंथरुणाला खिळलेल्या एका बाईंना कॉर्टिझोन टोचलं आणि काही दिवसांत त्या चालू लागल्या. हेंच, केंडल आणि राइशस्टाइन या तिघांना १९५० चं नोबेल मिळालं. पाचच वर्षांनी ऑक्सफर्डला सिडनी ट्रूलव्ह आणि लेस्ली विट्स यांनी अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या (मोठ्या आतड्याला सूज येऊन जखमा होण्याच्या रोगाच्या) रुग्णांवर कॉर्टिझोनची रीतसर चाचणी करून ते उपयोगी पडतं हे दाखवलं. रीतसर म्हणजे निम्म्या रुग्णांना औषध, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधी गोळी. आणि १९५६ साली ट्रूलव्ह यांनीच पुढची पायरी गाठली: रोग मोठ्या आतड्याच्या टोकाला आहे, तर औषध तोंडावाटे सगळ्या अंगभर फिरवायचं कशाला? खालून, थेट जागेवर द्यावं. तुमची कापलेली पट्टी या खटपटीची पणती आहे. तिचं आडनाव कापून तुम्ही तिला दत्तक घेतलंत.

मी स्टिरॉइडच्या नावाने बोटं मोडायला बसलेलो नाही, हे मुद्दाम सांगतो. हल्ली 'स्टिरॉइड' हा शब्द ऐकताच माणसं पाल पडल्यासारखी झटकतात, त्यांत मी नाही. गुदाशयाला सूज येऊन जखमा झालेल्या असतात तेव्हा स्टिरॉइड सपोझिटरी हे अगदी शहाणपणाचं औषध आहे. ती मेणचट, बोटाच्या पेराएवढी गोळी शरीराच्या उष्णतेने वितळते आणि गुदाशयातच पसरते. त्याच्या वर रोग गेला असेल तर फोम, त्याहून वर गेला असेल तर एनिमा. गोळी, फोम आणि एनिमा हे दुकानदाराच्या शेल्फवरचे पर्याय नाहीत. कोणता निवडायचा ते रोग किती उंच चढलाय यावर ठरतं. आणि रोग किती उंच चढलाय हे कळायला कुणीतरी आत बघावं लागतं. इथंच आपलं बिनसतं, साहेब.

स्टिरॉइड सपोझिटरी जगभर वापरतात. ब्रिटनमध्ये प्रेडनिसोलोनची ५ मिलिग्रॅमची सपोझिटरी मिळते, जपानमध्ये बीटामेथासोनची. अमेरिकेतल्या हायड्रोकॉर्टिझोन सपोझिटरीच्या माहितीपत्रकात साध्या प्रॉक्टायटिससाठी, म्हणजे गुदाशयाच्या सुजेसाठी, स्वच्छ लिहिलेलं असतं: सकाळी एक, रात्री एक, दोन आठवडे. दोन आठवडे! तुम्ही मेहुण्याला सांगितलंत, 'मी सांगेपर्यंत चालू ठेव.' आणि तुम्ही कधीच सांगितलं नाहीत, कारण तो दर महिन्याला नवी पट्टी न्यायला येतच होता.

त्याच माहितीपत्रकात हेही असतं की निरोगी माणसात खालून दिलेल्या हायड्रोकॉर्टिझोन अॅसिटेटपैकी सुमारे २६ टक्के रक्तात शोषलं जातं. सुजलेल्या, सोललेल्या अस्तरातून किती जाईल याचा नेम नाही. वर आणखी एक भानगड: गुदाशयाच्या खालच्या भागातलं रक्त यकृताला वळसा घालून थेट मोठ्या शिरेत जातं. तोंडाने घेतलेल्या औषधाची यकृतात जी पहिली झडती होते, ती याची पूर्ण होत नाही. म्हणजे 'खालून ठेवायची गोळी, तिचा काय त्रास होणार' हा जो धीर तुम्ही देता, तो ऐकायला बरा आहे. दोन आठवड्यांत फारसं बिघडत नाही. महिनोन्‌महिने बिघडतं. तिथली त्वचा कागदासारखी पातळ होते. साखर वाढते. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन ग्रंथी स्वतःचं कॉर्टिसोल बनवणं आळसावतात, आणि मग एके दिवशी औषध अचानक बंद केलं की माणूस गळून जातो, चक्कर येते, रक्तदाब घसरतो.

आणि तुमची ती पिवळी पावडर. तिच्यात काय होतं ते तुम्हालाच ठाऊक. पण मेहुण्याचा चेहरा गोल होत गेला, गाल लाल झाले, मानेमागे मांस चढलं. आगारात सगळे म्हणाले, 'तब्येत सुधारली राव.' सासूबाईंनी दृष्ट काढली. पुढे ज्या डॉक्टरीणबाईंनी त्याला तपासलं, त्यांनी चेहरा बघताच पहिलं विचारलं, 'कुठली पावडर घेता का?' केवळ खालच्या गोळ्यांनी इतका चेहरा फिरत नाही, असं त्यांचं मत. पुडी तपासायला पाठवायची म्हटलं तर शेवटची पुडी संपलेली. नशीबवान आहात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. खालून रक्त आणि आव पडणारा प्रत्येक माणूस एकाच रोगाचा नसतो, हे तुम्हाला कुणी सांगितलंच नाही असं दिसतं, म्हणून सांगतो. कोंबाचं रक्त बहुतेकदा शौचानंतर ताजं लाल ठिबकतं, शौचापासून वेगळं, आणि त्यात अशी धावपळीची घाई नसते. घाई, आव, पुन्हा पुन्हा कुंथणं, साफ न झाल्याची भावना ही गुदाशयाच्या सुजेची भाषा आहे. पण सूज कशाची? अमिबाची असू शकते, आणि आपल्या देशात ती शंका पहिल्यांदा यावी लागते. आतड्याचा क्षय असू शकतो. गनोरिया, क्लॅमिडिया, हर्पीस यांसारखे संसर्गही गुदाशयात होतात आणि त्यांचा रुग्ण कुठल्याही डॉक्टरसमोर तोंड उघडायला सगळ्यात जास्त घाबरतो, म्हणजे तुमच्याच पाटीखाली येतो. गाठ असू शकते, कॅन्सरची. आणि कशानेच नाही, शरीर स्वतःच आपल्या आतड्यावर उठलंय अशी अल्सरेटिव्ह कोलायटिसचीही असू शकते, जी जवळपास नेहमी गुदाशयातच सुरू होते आणि तिथून सलग वर चढत जाते. 'हा गोऱ्या लोकांचा रोग' म्हणत असाल तर पंजाबात झालेली आणि २००३ साली प्रसिद्ध झालेली पाहणी बघा: दर लाखामागे सुमारे ४४ माणसं. पंजाबात गोरे फार नाहीत.

अमिबाच्या जखमा असलेल्या आतड्याला स्टिरॉइड दिलं तर ते आतडं फुगून फाटू शकतं, माणूस मरू शकतो. म्हणून कोणताही शिकलेला डॉक्टर आधी शौच तपासायला पाठवतो, मग दुर्बीण, मग तुकडा, आणि मगच स्टिरॉइडचं नाव काढतो. तुम्ही मात्र सरळ गोळी ठेवायला सांगता. स्टिरॉइड सूज शमवतं, सुजेचं कारण नाही. घरात चोर शिरला असताना भुंकणाऱ्या कुत्र्याच्या तोंडाला फडकं बांधून 'आता बघा किती शांत झोप लागते' असं घरमालकाला सांगण्यासारखं हे आहे. आणि झोप लागते, हीच तर पंचाईत! तीन दिवसांत गुण हा तुमचा पुरावा आहे आणि तोच आमचा गळफास आहे. मेहुण्याला तिसऱ्या दिवशी बरं वाटलं नसतं तर तो चौथ्या दिवशी दुसऱ्या डॉक्टरकडे गेला असता.

शिवाय स्टिरॉइडला एक जुनी खोड आहे. कोलायटिस ते शांत करतं, पण शांत ठेवत नाही. बंद केलं की बऱ्याच जणांत रोग परत उसळतो, आणि चालू ठेवलं तरी तो आवरून धरण्याच्या कामी ते येत नाही. हे सगळ्या पाठ्यपुस्तकांत आहे. तुमच्या धंद्याच्या दृष्टीने हा दोष नसून गुण आहे, हे मला उशिरा लक्षात आलं: रोगी बरा होतो, बिघडतो, परत येतो, आणि प्रत्येक वेळी बिघडायचं कारण 'पथ्य मोडलं असणार' हे असतं. बटाटेवड्याच्या माथी तुम्ही किती पापं मारलीत!

गुदाशयापुरत्या कोलायटिसला पहिलं औषध स्टिरॉइड नाहीच, मेसालामिन आहे, एक ग्रॅमची सपोझिटरी, रात्री एक. याची कथा तुम्हाला आवडेल, कारण तिच्यात आपल्या शेजारचा माणूस आहे. १९४० च्या सुमाराला स्वीडनच्या नाना स्वार्ट्झ यांनी संधिवातासाठी सल्फासॅलाझिन बनवून घेतलं. ते कोलायटिसला लागू पडलं. पण त्यात दोन द्रव्यं जोडलेली, एक सल्फा आणि एक सॅलिसिलेट, आणि काम नक्की कुणाचं ते कुणाला माहीत नव्हतं. १९७७ साली ऑक्सफर्डमध्ये ट्रूलव्ह यांच्याच हाताखाली ए. के. आझाद खान या ढाक्याहून आलेल्या डॉक्टराने साधी युक्ती केली. दोन्ही द्रव्यं आणि मूळ जोडी अशी तिन्ही औषधं वेगवेगळ्या रुग्णांना एनिमाने खालून दिली, कुणाला काय दिलंय ते झाकून ठेवलं, आणि मग आतड्याचे तुकडे तपासले. काम सॅलिसिलेटचं निघालं. त्याचंच पुढे मेसालामिन झालं. १९९७ साली अनेक चाचण्यांची बेरीज करून दोन औषधांची तुलना झाली तेव्हा खालून दिलेलं मेसालामिन खालून दिलेल्या स्टिरॉइडपेक्षा सरस ठरलं. म्हणून स्टिरॉइड सपोझिटरीचा नंबर दुसरा. मेसालामिन सोसत नाही, किंवा एकट्याने पुरत नाही, तेव्हा ती पुढे येते, थोडे आठवडे काम करते, आणि हळूहळू बाजूला होते. ही तिची खरी मानाची जागा. तुम्ही तिला सिंहासनावर बसवलंत, आणि वर तिचं नावही कापलंत.

'आम्ही प्राचीन शास्त्र पाळतो' असं तुम्ही मेहुण्याला सांगितलंत म्हणे. प्राचीन शास्त्र मीही थोडं चाळलंय. वाग्भटाने अष्टांगहृदयात अर्शोयंत्र सांगितलंय: गाईच्या सडाच्या आकाराचं, चार अंगुळं लांब, पुरुषांसाठी घेर पाच अंगुळं, बायकांसाठी सहा. त्याला रोग पाहण्यासाठी दोन छिद्रं, उपचारासाठी एक. म्हणजे हजाराहून अधिक वर्षांपूर्वी त्या माणसाला कळत होतं की आधी पाहायचं, मग हात लावायचा, आणि पाहण्याची सोय वेगळी करून ठेवायची. तुमच्या माडीवर चार अंगुळांचं यंत्र काय, चार इंचांचा आरसाही नाही. क्षारसूत्राने भगंदर बांधणारे, एम.एस. झालेले वैद्य मी पाहिले आहेत. ते आधी बोट घालून तपासतात आणि रक्तात आव दिसली की 'हे माझं काम नाही, पोटाच्या डॉक्टरकडे जा' असं सांगतात. त्यांच्या नावावर तुम्ही धंदा करू नये, एवढी तरी लाज ठेवा.

मेहुण्याची दुर्बीण झाली तेव्हा रोग गुदाशयातून चढून आतड्याच्या डाव्या बाजूला पोचला होता. हे तुमच्यामुळेच झालं असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या नाहीत, मीही म्हणत नाही. हा रोग काही जणांत नुसताही चढतो. पण चढताना त्याच्यावर कुणाची नजर नव्हती, हे तर तुमच्या पाटीवरच छापलेलं आहे. पहिल्या महिन्यात पाहिलं असतं तर कदाचित नुसत्या सपोझिटरीवर भागलं असतं. आता रोज रात्री एनिमा आहे, गोळ्या आहेत, आणि स्टिरॉइड कमी करत आणायचं वेगळं वेळापत्रक आहे, कारण तुमच्या औषधांनी सुस्तावलेल्या त्या ग्रंथींना हळूहळू जागं करावं लागतंय. त्या वेळापत्रकाचा कागद त्याने तिकिटाच्या मशीनच्या कव्हरमध्ये ठेवलाय.

आता तुमच्या खऱ्या भांडवलाबद्दल, म्हणजे आमच्या लाजेबद्दल. सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरने मेहुण्याला पाच मिनिटांत जे शिकवलं ते तुम्ही एवढ्या महिन्यांत शिकवलं नाहीत. आधी शौचाला जाऊन या. डाव्या कुशीवर झोपा, वरचा गुडघा पोटाशी. गोळीला थोडं पाणी लावा. ठेवली की लगेच उठू नका, निदान अर्धा तास पडून राहा, जमलं तर रात्री झोपतानाच ठेवा. उन्हाळ्यात पट्टी फ्रीजमध्ये ठेवा, नाहीतर मे महिन्यात ती खिशातच वितळेल. तुम्ही त्याला 'गरम पाण्याने धुऊन ठेव' म्हणालात. मराठवाड्याच्या उन्हात, गाडीच्या बॅगेतून आलेली गोळी, वर गरम पाणी. किती वेळा औषध चड्डीलाच लागलं असेल, याचा हिशेब कुणी ठेवला नाही.

टोकाकडून ठेवायची की बुडाकडून, हा प्रश्नही त्याने विचारलाच. सिस्टर हसून म्हणाल्या, कशीही ठेवा, पण ठेवा. १९९१ साली 'लॅन्सेट'सारख्या मातब्बर साप्ताहिकात इजिप्तच्या डॉक्टरांनी बोथट बाजू आधी घालावी असा लेख छापला होता. तेव्हा हा प्रश्न कुणी हसण्यावारी नेला नाही. लोक त्यावर अभ्यास करतात, चर्चा करतात. फक्त आमच्याकडे मेडिकलवाला 'सपोझिटरी' ऐकून पट्टी आधी वर्तमानपत्रात गुंडाळतो, मग काळ्या पिशवीत घालतो, आणि मग दबक्या आवाजात किंमत सांगतो. याच दबक्या आवाजावर तुमचा माडीचा जिना उभा आहे.

तुम्ही एकटे आहात असंही नाही, हेही न्यायाने सांगायला हवं. कोंबासाठी स्टिरॉइड आणि बधिर करणारं औषध एकत्र असलेली मलमं वर्षानुवर्षं वापरणारी माणसं मला माहीत आहेत, आणि ती त्यांना काउंटरवरून, चिठ्ठीशिवाय, 'तीच द्या ना नेहमीची' एवढ्या बोलण्यावर मिळतात. त्यांतली काही लिहून देणारे एम.बी.बी.एस. आहेत, आठवडाभराची मलमं दोन महिने चालवणारे. २०१८ साली केंद्र सरकारने चौदा स्टिरॉइडची बाहेरून लावायची औषधं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. आमच्या गल्लीतल्या मेडिकलवाल्याला ही बातमी अजून पोचलेली नाही. पण निदान त्या मलमावर नाव छापलेलं असतं. बिघडलं तर पुढच्या डॉक्टरला कळतं काय घेतलं होतं. तुम्ही नावच कापता. तुमची कात्री हेच खरं शस्त्र, आणि ते तुम्ही रोग्यावर न चालवता पुढच्या डॉक्टरच्या माहितीवर चालवता.

तर विनंती अशी आहे. कात्री ड्रॉवरमध्ये ठेवा. पट्ट्या अख्ख्या द्या, किंवा सगळ्यात उत्तम, देऊच नका. पाटीवरचं 'तपासणी नाही' पुसा आणि 'तपासणी येत नाही' लिहा. गिऱ्हाईक कमी होणार नाही, आपल्याकडे प्रामाणिकपणाचं कौतुक आहे. आणि आव-रक्त-घाई अशी तक्रार घेऊन कुणी आलं की त्याला खाली रसवंतीत बसवून जिल्हा रुग्णालयाची गाडी दाखवा. त्या गाडीत आमचा मेहुणा असला तर तो अर्धं तिकीटही घेणार नाही. महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम, १९६१ मधलं कलम ३३ वाचून ठेवा. नोंदणी नसताना वैद्यकी केली तर काय होतं ते त्यात आहे. तक्रार लिहून तयार आहे. पत्ता तुमच्याच पाटीवरून घेतलाय.

कळावे, लोभ नसावा.

एक मेहुणा असलेला

ता. क. मेहुण्याच्या शेजारी तुमच्या बाकावर एक वयस्क बाई बसायच्या. गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी त्यांनी मुंबईत टाटा हॉस्पिटलात 'लाईट' (रेडिएशन) घेतली होती, आता वर्षभराने खालून रक्त जातंय, आणि तुम्ही त्यांनाही तीच कापलेली पट्टी दिलीत. त्या रेडिएशनने गुदाशयाला इजा होते, ती महिन्यांनी, कधी वर्षांनी डोकं वर काढते, आणि तिचं गणित वेगळं आहे. चंदीगडच्या पीजीआय रुग्णालयात अशाच रुग्णांवर तुलना झाली होती, १९९१ साली छापून आली. एका बाजूला स्टिरॉइडचा एनिमा आणि सल्फासॅलाझिनच्या गोळ्या, दुसऱ्या बाजूला आपल्या अॅसिडिटीच्या औषधातलं सुक्राल्फेट, एनिमाने दिलेलं. सुक्राल्फेट सरस ठरलं आणि सोसायलाही सोपं. शिवाय त्यांच्या रक्ताचं कारण कॅन्सर परत आला हे असू शकतं, ते आधी पाहायला हवं. त्यांची टाटाची फाईल तुमच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये आहे, असं मेहुणा सांगतो. ती त्यांना परत करा. लाईट कुठे, किती आणि कधी दिली ते त्यातच लिहिलेलं असतं, आणि पुढच्या डॉक्टरला ते लागेल.